माझ्या दहाव्याला मी उशिरा पोचलो

३१ ऑगस्ट, रविवार

बीपी पुन्हा वाढलंय. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "दादासो, नुसत्या गोळीनं भागायचं नाही. मनात काय साठवलंय ते बाहेर काढा. बायकोला सांगा." मी म्हणालो, बायकोलाच तर सांगायचं राहिलंय. ते म्हणाले, "मग आधी लिहून काढा. सराव होईल." म्हणून ही डायरी. खताच्या कंपनीनं दिलेली, आठ महिने कोरी पडली होती.

तर, मी एकदा मेलेलो आहे.

हे लिहून मी उठलो, तांब्याभर पाणी प्यालो आणि नर्सरीत एक चक्कर मारून आलो. मिरचीची रोपं ट्रेमध्ये जागच्या जागी होती. म्हणजे पुढचं लिहायला हरकत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही सणसरला नव्हतो. इंदापूरच्या पुढं भीमेच्या काठाला आमचं जुनं गाव. पाडव्यानंतरच्या जत्रेत मौत का कुआँ आला होता. उभ्या फळ्यांवरून मोटारसायकल फिरवणारा माणूस मी बघितला आणि ठरवलं, आयुष्यात करायचं तर हेच. घरी न सांगता त्यांच्या ट्रकमध्ये बसलो आणि सोलापूरकडं गेलो. इकडं दोन दिवसांनी कालव्याच्या शेवटाला एक मयत सापडलं. पाण्यात राहून चेहरा ओळखू येत नव्हता. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, माझ्यासारखाच. आईनं शर्ट बघितला आणि अंग टाकलं. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, "माझाच हाय" म्हणून सांगितलं. मला जाळून सगळे घरी आले.

तिकडं मला कुव्यात गाडीवर मागं बसवलं तर तिसऱ्या फेरीला गरगरलं आणि मी मालकाच्या अंगावर ओकलो. मग भांडी घासली. मग कंटाळून गावाकडं परत आलो. घराला कुलूप. शेजारची म्हातारी मला बघून आत पळाली आणि कडी लावून बसली. नदीवर माणसं दिसली म्हणून तिकडं गेलो, तर माझं दहावं चाललेलं. पिंड मांडलेले, कावळा शिवत नव्हता. तात्यांचं डोकं तुळतुळीत. चुलते हात जोडून म्हणत होते, "दादासो, मोटारसायकल पायजे म्हणत हुतास, घिऊ आपण. पर आता शिव बाबा."

मी मागनं म्हणालो, "कंची घेताय?"

आई पडली. न्हावी वस्तरा टाकून पळाला. आणि त्याच वेळी कावळा आला आणि पिंडाला शिवला. निम्मी माणसं माझ्याकडं बघत होती, निम्मी कावळ्याकडं.

मोटारसायकल काही घेतली नाही.

त्यानंतर गावात मी जिवंत होतो, पण माणसांना खात्री नव्हती. दुकानदार माझ्या हातावर साखरेची पुडी ठेवायचा नाही, फळीवर ठेवायचा. मला मुलगी कोण देणार? शेवटी तात्यांनी तिथली जमीन विकून इथं सणसरला घेतली. मोरगावची सुप्रिया सांगून आली तेव्हा आईनं मला शपथ घातली, "तिला ह्यातलं काय बोलू नकोस." आई गेली त्याला बारा वर्षं झाली. शपथ अजून आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

आता सांगायची वेळ का आली ते लिहितो. सुप्रियाचा थोरला भाऊ सोपान लग्नाच्या कितीतरी आधी घरातून गेला, तो परत आला नाही. सासरे, सुप्रियाचे अण्णा, त्याची वाट बघत वारले. सासूबाई प्रयागबाई, मी त्यांना मामी म्हणतो, अजून मोरगावात दाराला आतून कडी लावत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी त्याचं काहीच केलं नाही. यंदा म्हणतात, पितृपक्षात करून टाकू. मेलेला नाही सापडला तर पिठाचा पुतळा करून करतात तसं.

"आणि तुमी बसायचं," सुप्रिया म्हणाली. "दुसरं हाय कोण आमाला?"

ज्याचं स्वतःचं दहावं झालंय त्यानं दुसऱ्याचं करावं का? मी एका गुरुजींना फोन लावला. नाव सांगितलं नाही. म्हणालो, आमच्या पाहुण्यांत असा एक आहे. गुरुजींनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "त्याला घेऊन या. मला बघायचाय."

फोन बंद केला.

४ सप्टेंबर, गुरुवार

मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीत झालं. आता महिनाभर आमच्याकडं. काळा चष्मा लावून ओट्यावर बसतात. दिसत नाही फारसं, पण कान भलतेच तिखट.

संध्याकाळी मी नर्सरीतनं आलो तर म्हणाल्या, "जावईबापू, पाव्हणा कोण आणलाय?"

"कुणी न्हाय मामी. मी एकटाच."

"दोघांची पावलं वाजली की."

मी चप्पल बघितली. उजव्या पायातलीचा तळ सुटलाय, तो मागनं पटपटतो. त्यांना तसं सांगितलं. त्या हसल्या. सुप्रियानं मात्र अंगणात एकदा वाकून बघितलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

भवानीनगरला जाऊन चप्पल शिवून आणली. घरात शिरताना मुद्दाम पाय न वाजवता आलो.

मामी म्हणाल्या, "या. आणि त्यालाबी बसाय टाका."

नवीन चप्पल घ्यावी हे बरं.

६ सप्टेंबर, शनिवार

आज मामी मोकळ्या मनानं बोलत होत्या. मी, सुप्रिया आणि तात्या चहा घेत होतो. तात्या एरवी मामी आल्या की नर्सरीतल्या शेडमध्येच जेवतात, सोळा वर्षांत दोन शब्द बोलले नसतील. लाजरा माणूस आहे. आज सुप्रियानं बळंच आणून बसवलं होतं.

मामी सांगत होत्या, सोपान बारामतीत कांद्याच्या वखारीत हमालीला गेला होता. पाडव्याला घरी येऊन गेला, पुरणपोळी खाल्ली, आणि नवा शर्ट घालून परत निघाला. "निळ्या चौकड्यांचा. बाजारातनं मीच आणलेला."

मी म्हणालो, "तसला माझ्याकडंबी हुता! त्या साली निम्म्या तालुक्याच्या अंगावर तोच हुता. एकाच ताग्यातला."

मामींनी काळा चष्मा माझ्याकडं वळवला. "तुमचा काय झाला?"

"फाटला असंल," मी म्हणालो. खरं तर माझा शर्ट कुव्यातल्या आचाऱ्यानं ढापला होता, पण ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

मग त्या म्हणाल्या, त्याला कुठंही ओळखला असता. डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली, करंगळी आणि तिच्या शेजारची. लहानपणी पोरं बदक म्हणायची.

तात्यांनी कप खाली ठेवला आणि उठून गेले. चहा निम्मा तसाच. सुप्रियानं साखर जास्त घातली असणार, त्यांना शुगर आहे. तिला तसं म्हणालो तर म्हणाली, "बिनसाखरेचा हुता."

९ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष लागला. सांगायचं ठरवलंय. नर्सरीत कुणी नव्हतं म्हणून मिरचीच्या रोपांसमोर उभं राहून सराव केला. वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून बघितलं.

"सुप्रिया, लग्नाआधी माझं एक झालं होतं." हे बरं वाटलं. एकदम मेलो म्हटलं तर घाबरेल.

तात्यांचं जेवण कमी झालंय. दिवसभर कालव्याच्या कडेला बसून असतात. विचारलं तर म्हणतात, "पाणी बघतोय." पाण्यात बघण्यासारखं काय आहे? शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलंय एवढंच.

१० सप्टेंबर, बुधवार

सुप्रिया बोलत नाही. भाकरी ताटात टाकते ती वरनं सोडते.

११ सप्टेंबर, गुरुवार

कारण कळलं. काल शेडनेटच्या पलीकडं सारजाबाई ट्रे धूत होत्या. नर्सरीतल्या कामाच्या बाया काय ऐकतात आणि काय जोडतात ते देव जाणे. त्यांनी सुप्रियाला सांगितलं, "मालक मिरच्यांना सांगत हुतं, लग्नाआधी त्यांचं एक झालं हुतं. आणि लई रडवेलं तोंड."

सुप्रियानं माझ्या मोबाईलमधले सगळे नंबर बघितले. "रेश्मा कोण?" म्हणाली. रेश्मा काकडीच्या बियाण्याची जात आहे, विक्रेत्याचा नंबर मी त्या नावानं ठेवलाय. हे खरं आहे. पण खरं सांगताना माझा आवाज खोटं बोलल्यासारखा येत होता.

शनिवारी मोरगावला जायचंय, मामींचं घर झाडायला आणि सोपानचे कपडे आणायला. विधीला त्याची एखादी वस्तू लागते म्हणे.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज सगळं झालं.

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं मोरगावला गेलो. कालव्याची हिरवळ संपली की पुढं बाजरी आणि माळ. घराचं दार नुसतं लोटलेलं, मामींनी महिनाभर गावाला जातानाही कुलूप लावलं नव्हतं. आत भिंतीवर सोपानचा फोटो होता. त्याला हार नव्हता. विशीतला पोरगा, कॅमेऱ्याकडं न बघता थोडा बाजूला बघतोय, जणू शेजारी कुणी उभं आहे. इतकी वर्षं मी त्या घरी जातोय, फोटो कधी नीट बघितला नव्हता. आज बघितला आणि वाटलं, याच्याशी मी बोललोय. पण ते कसं शक्य आहे?

मामी ओट्यावर बसल्या. सुप्रियानं मला परसात नेलं. शेळ्यांच्या गोठ्याजवळ उभी राहिली, कमरेला पदर खोचलेला.

"कोण ती?" म्हणाली. "नाव सांगा. मला आता घाबरायचं काय राह्यलं न्हाय."

"ती न्हाय गं. तो."

हे मी का म्हणालो माहीत नाही. तिचा चेहरा बघून मी घाईघाईनं सगळं बोलून टाकलं. कुआँ, ट्रक, ओकारी, शर्ट, मयत, दहावं, चुलते, न्हावी, कावळा. मिरच्यांसमोर केलेला सराव काही उपयोगी पडला नाही. उलट्या क्रमानं बाहेर आलं.

सुप्रिया माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा खालचा ओठ हलला. मला वाटलं रडते. ती हसत होती. हसता हसता खाली बसली, शेळी घाबरून दावं ओढायला लागली. "म्हंजे मी मेलेल्या माणसासंगं सोळा वरीस संसार केला! आणि मला वाटलं बाई हाय!" डोळे पुसत पुन्हा हसायची. "कंची घेताय म्हणं! अहो, हे मला आधी सांगायचं न्हाय व्हय?"

बीपी तिथंच उतरलं असणार. मीही हसलो. सोळा वर्षांची धोंड बाजूला झाली.

तिला राहवेना. तशीच ओट्यावर धावली. "आई, ऐक, ऐक! हे एकदा मेले हुते! ह्यांचं दहावंसुदिक झालं!" आणि तिनं सगळं सांगितलं, नक्कल करून, हात हलवून. मी दारात उभा होतो, हसतच होतो.

मामी हसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कंच्या महिन्यात म्हणालीस?"

"पाडव्याच्या पुढं. जत्रेत."

मामींनी काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. डोळ्यातनं पाणी येत होतं, ते ऑपरेशनचं होतं का, मला सांगता येत नाही.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी जाळलं ते कोण?"

सुप्रियाचा हात हवेत होता तो तसाच राहिला.

१४ सप्टेंबर, रविवार

हा प्रश्न मला वीस वर्षांत पडलाच नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पडायचा. मी बाजूला सारायचो. माझ्या मरणाची गोष्ट माझी होती, तिच्यात दुसरं कुणी मेलंय हे मी धरतच नव्हतो.

काल लगेचच्या एसटीनं परत आलो. मामी खिडकीशी, सोपानची पँट आणि एक टॉवेल पिशवीत मांडीवर. कालवा दिसायला लागला तसं त्यांनी तोंड फिरवलं.

घरात तिघं तीन खोल्यांत. सुप्रिया रडते की नाही तेही कळत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी तात्यांकडं गेलो. कालव्याच्या कडेला नेहमीच्या जागी बसले होते. मी शेजारी बसलो.

"तात्या, त्या मयताचे पाय बघितले हुते का तुमी?"

त्यांनी विचारलं नाही की कुठल्या. पाण्याकडं बघतच म्हणाले, "डावा. दोन बोटं जुळलेली."

"म्हंजे तुमाला ठावं हुतं? मी न्हाय ते?"

"व्हय."

"मग माझाच म्हणून कशापायी सांगितलंत?"

तात्या कधी एवढे बोलत नाहीत. ते म्हणाले ते तसंच लिहितो.

"तुझ्या आईनं शर्ट बघितला आणि आडवी झाली. मी चादर सारून पाय बघितलं. तुझं न्हवतं. म्हटलं, सांगावं. तवर पोलिसांचा माणूस म्हणाला, तुमचा नसंल तर बेवारस म्हणून नेतो. ते पोरगं तसं पडलेलं. कुणाच्या तरी घरचं. मला वाटलं, माझा असाच कुठं तरी पडला असंल. त्याच्यापाशी कुणी उभं राहून 'माझा हाय' म्हणंल का? म्हणून म्हणालो. माझा हाय."

"आणि आईला?"

"तिला त्याच राती सांगाय पायजे हुतं. सांगितलं न्हाय. तू मेलायस असंच मीबी धरलं हुतं. नुसतं ते पोरगं तू न्हवतास."

आणि मग मी आलो. मी घाटावर जिवंत उभा राहिल्यावर गावानं देवळात नारळ फोडला. पोलीस पाटील म्हणाले, वर कळवतो. कळवलं का, कुणी विचारलं नाही. तात्यांना त्या दिवसापासून ते पोरगं झोपू देईना. त्यांनी कालव्याच्या वरच्या अंगाची गावं पालथी घातली, कुणाचा पोरगा गेलाय का विचारत. दोन वर्षं. मोरगावला गेले नाहीत, कारण मोरगाव कालव्यावर नाही. सणसरची जमीन घेतली ती माझ्या लग्नापायी नाही. ती कालव्याकडची होती म्हणून. मला हे आज कळलं.

"सुप्रियाच्या घरचा एक पोरगा गेलाय हे कळलं तवा सुपारी फुटली हुती," तात्या म्हणाले. "विचारायचं धाडस झालं न्हाय. म्हटलं, बोटं सरळ असत्याल त्याची. सोळा साल म्हणत राह्यलो. परवा इहीणबाईनं सांगितलं."

१७ सप्टेंबर, बुधवार

सुप्रियाला सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "आमच्या अण्णांनी पोलिसांत तक्रार दिलेली. दर महिन्याला सायकलवरनं जायचे विचारायला. बेवारस कुणी सापडलं न्हाय असं सांगायचे. कसं सापडंल? तो बेवारस न्हवताच. तुमचा झालेला."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"तुमच्यावर न्हाय माझा राग," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमच्यावरबी हाय."

मोरगावच्या फोटोपुढं वाटलं होतं ते आता आठवलं. मी कुव्यातनं परत का आलो? आजवर सांगत आलो, म्हणजे मनात सांगत आलो, की कंटाळलो म्हणून. पण त्या सकाळी मी टाकीपाशी भांडी घासत होतो आणि एक पोरगा टाकीच्या कठड्यावर बसला होता. अंग ओलं. मला वाटलं कुव्यातलाच कुणी, आंघोळ करून बसलाय. तो म्हणाला, "घरी जा की. तिकडं समदी तुझ्यासाठी खोळंबल्यात." एवढंच. मी वळून बघितलं तर टाकीवर कुणी नव्हतं, कठडा ओला होता.

चेहरा नीट आठवत नाही. पाय बघायला पाहिजे होते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बीपी आहे, उन्हात फिरतो, डोकं काहीही जुळवतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मामींना कसं सांगायचं म्हणून आम्ही तीन दिवस कुजबुजतोय. आज सकाळी त्या स्वतःच तयार होऊन बसल्या. धुतलेलं लुगडं, पिशवी मांडीवर.

"सर्वपित्रीला नदीवर न्या मला," म्हणाल्या. "जितं जावईबापूंना जाळलं तितं. आणि तात्यांना संगं घ्या. पुतळा करू नका."

म्हणजे त्यांना कळलेलंच होतं. तीन दिवस आम्ही बंद दारामागं बोलत होतो ते त्यांच्या कानांना.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावस्या

सकाळी गाडीनं जुन्या गावाला गेलो. इतक्या वर्षांत मी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. पारावरच्या दोन म्हाताऱ्यांनी मला ओळखलं, एकानं शेजाऱ्याचा हात धरला. मी नमस्कार केला. त्यांनी केला नाही.

भीमेला धरणाचा फुगवटा आलाय. घाट निम्मा पाण्यात, पलीकडच्या बाभळींचे नुसते शेंडे वर. वारा नव्हता. पाणी इतकं स्थिर की बाभळी खाली किती आणि वर किती ते कळेना. मी पिंड ठेवले. कावळा आला का, किती वेळात आला, हे मी लिहीत नाही, कारण आमच्यापैकी कुणीच तिकडं बघत नव्हतं. आम्ही तात्यांकडं बघत होतो.

तात्या मामींच्या पुढ्यात जाऊन खाली बसले. हात जोडले.

मामी म्हणाल्या, "तात्या, मला समदं सांगा. कुठं ठेवला हुता?"

तात्यांनी बाभळींच्या पलीकडं बोट केलं. "तितं. आता पाणी आलंय."

"लाकडं कसली?"

"लिंबाची. आमच्याच बांधावरचं झाड पाडलं."

"अंगावर पाणी कुणी घातलं?"

"मी."

"गार?"

"न्हाय. तापवलेलं. दारात चूल मांडली हुती."

मामींनी मान हलवली. "त्याला गार सोसायचं न्हाय. पाठीमागं रडलं कोण?"

तात्यांना हे जड गेलं. "माझी मंडळी. दहा दिस अन्नाला शिवली न्हाय."

"त्याचं नाव घिऊन?"

"न्हाय इहीणबाई. ह्याचं." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

सुप्रिया माझ्यापासून चार हात लांब ताट घेऊन उभी होती.

"नावाचं ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या. "पोटातनं रडली न्हवं?"

"पोटातनं."

"मग झालं. माझ्या पोराला आई नव्हती असं न्हाय झालं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "माझ्याम्होरं कधी मान वर करून बोलली न्हाय तुमची मंडळी. लई गर्व हाय बाईला, असं मी समद्या मोरगावात सांगितलं. आता तिचंबी पान मीच वाढीन दर साली. तुमी उठा, तात्या. म्हातारा माणूस असा बसू नये."

तात्या उठले नाहीत. मी आणि सुप्रियानं धरून उठवलं. किती हलके झालेत ते.

मग मामी एकट्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेल्या. काळा चष्मा होता, पायरी नीट दिसत नसणार, म्हणून मी मागोमाग उतरलो. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्यांनी हाक मारली, शेतात लांब गेलेल्या माणसाला जेवायला मारतात तशी.

"सोपाऽन! अरे सोपाऽन!"

पाण्यावरनं हाक पलीकडं गेली आणि तिकडनं परत आली नाही.

आणि मी "ओ" दिली.

मी ठरवून दिली नाही. तोंड उघडलं आणि ती गेली, आणि मला ती माझ्या आवाजासारखी वाटली नाही. तात्या वर घाटावर होते, त्यांनी कान टवकारले. मला वाटलं आता मामी वळतील आणि माझ्या कानफटात मारतील.

त्या वळल्या नाहीत. पाण्याकडंच बघत म्हणाल्या, "आलास व्हय? बरं. चल मग, भाकरी खायला." आणि हात मागं केला. मी धरला. पायऱ्या चढून वर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, आणि एकदाही माझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

त्या गाडीत बसल्यावर मी सुप्रियाजवळ गेलो. म्हणालो, "मी मुद्दाम न्हाय केलं गं. कसं झालं ठावं न्हाय. मामींची चेष्टा केली असं समजू नकोस."

तिनं ताट पुसून पिशवीत ठेवलं. बऱ्याच दिवसांनी नीट माझ्याकडं बघितलं.

"ओ दिलीत न्हवं?" ती म्हणाली. "आता निभवा."